परकीय चलनाची खिडकी आणि प्रवाशाचा बट्टा

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीतून एखादे वयस्क दांपत्य मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघाले, तर त्याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. आयकर, टपाल, लेखापरीक्षण, सीमाशुल्क अशा खात्यांत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेली ही माणसे प्रवासाची तयारी मोठ्या काटेकोरपणे करतात. व्हिसाच्या कागदांच्या तीन-तीन प्रती निघतात, विम्याची कलमे वाचली जातात, औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरांकडून नव्याने लिहून घेतल्या जातात, आणि मेतकुटाचा डबा कोणत्या पेटीत जायचा यावर दोन दिवस चर्चा होते. पैसे कोठे बदलून घ्यायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत तसाच राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा एकच असते : ‘विमानतळावर बघू.’ ज्याने उभे आयुष्य सरकारी हिशेबातील पैनपै जुळवण्यात घालविले, त्यानेच स्वतःच्या निवृत्तिवेतनातून साठवलेल्या लाखभर रुपयांबाबत इतके निश्चिंत असावे, हे कोडेच म्हणावयाचे. या कोड्याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधू नये. ते गेल्या पाऊण शतकाच्या आपल्या चलनव्यवहाराच्या इतिहासात आहे.

वस्तुतः नाणे बदलताना काही तरी कापले जाते, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे असे नव्हते. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये चालत, आणि एका पेठेचा रुपया दुसऱ्या पेठेत न्यायचा तर सराफ त्यावर बट्टा घेई. हा बट्टा किती बसेल याचा अंदाज साध्या कुणब्यालाही असे. मराठवाड्यातील जुन्या पिढीला तर हा व्यवहार अगदी अलीकडचा वाटेल. निजामाच्या संस्थानात हाली सिक्का चाले आणि हद्दीबाहेर पडले की ‘कलदार’ रुपया लागे. सरकारी प्रमाण शंभर कलदारांना एकशे सोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै असे होते. संस्थानातून मनमाडला उतरणारा शेतकरी हे प्रमाण तोंडपाठ म्हणू शके, आणि समोरचा सराफ त्याहून किती अधिक मागतो आहे हेही त्याला तत्काळ कळे. आजच्या पदवीधर प्रवाशाजवळ नेमके हेच ज्ञान नाही.

ते गेले कोठे? ते सरकारने आपल्याकडे घेतले. परकीय चलन नियमनाचा कायदा १९४७ साली झाला, आणि १९७३ साली तो अधिक कडक होऊन १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. डॉलर ही राष्ट्राची दुर्मीळ संपत्ती. ती नागरिकाने मागावयाची आणि रिझर्व्ह बँकेने मोजून द्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. १९६० नंतरच्या दशकात आणि त्यापुढेही काही काळ परदेशी शिकावयास निघालेल्या तरुणाच्या हाती रोख आठ डॉलर पडत, ही गोष्ट आज सांगितली तर नातवंडांना ती अतिशयोक्ती वाटते. आठ डॉलर बाळगणाऱ्याला ते कोठे बदलावे हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. उतरवून घ्यावयास आलेला परिचित हीच त्याची बँक होती. पुढे काही वर्षांच्या अंतराने पाचशे डॉलर नेण्याची मुभा मिळाली, तरी तेही सरकारने ठरविलेल्या दराने आणि सरकारने अधिकृत केलेल्या खिडकीवरच मिळत. एकाच दुकानात एकाच भावाने माल मिळत असेल, तर ग्राहक भाव विचारण्याची सवयच विसरतो. शिधावाटपाच्या रांगेत जे घडले तेच येथेही घडले.

हाजच्या नोटा

या काळातील एक प्रकरण विशेष बोलके आहे आणि त्याचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. स्वातंत्र्यानंतरही कुवेत, बहारीन, कतार आणि आज संयुक्त अरब अमिरातींत मोडणारी संस्थाने येथे भारतीय रुपयाच चलन म्हणून वापरात होता. म्हणजे मुंबईहून तिकडे जाणाऱ्याला पैसे बदलण्याची गरजच नसे. परंतु हेच रुपये देऊन आखातात सोने घेतले जाई, ते चोरट्या मार्गाने कोकणच्या किनाऱ्यावर उतरे, आणि बाहेर गेलेले रुपये परत आले की त्यांच्या मोबदल्यात रिझर्व्ह बँकेला आपली परकीय गंगाजळी मोजून द्यावी लागे. ही गळती बुजविण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. त्याच वेळी हाजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांच्यावर ‘हाज’ हा शब्द छापलेला असे. यात्रेकरू त्या घेऊन अरबस्तानात उतरे आणि तेथे त्यांचे रियाल करून घेई. १९६१ साली कुवेतने आणि १९६५ साली बहारीनने आपापला दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा उरलेल्या संस्थानांनीही रुपयाचा हात सोडला. ओमानने तो १९७० पर्यंत चालविला.

सरकारने यात्रेकरूसाठी नोटच निराळी छापावी, इतकी ही पालकवृत्ती होती. ती पुढे अनेक वर्षे दुसऱ्या रूपाने टिकली. मुंबईत मुख्यालय असलेल्या हज समितीमार्फत जाणाऱ्या यात्रेकरूच्या हाती प्रस्थानापूर्वी २,१०० सौदी रियाल ठेवले जात. ते त्याच्याच पैशातून घेतलेले असत, परंतु कोठून घ्यावे आणि कोणत्या भावाने घ्यावे हे त्याला पाहावे लागत नसे. २०२३ च्या यात्रेपासून ही सक्तीची रक्कम बंद झाली. ज्याला हवे त्याने हवे तितके चलन आपल्या सोयीने घ्यावे, आणि स्टेट बँकेमार्फत वाजवी भावाने ते मिळावे, अशी नवी व्यवस्था आली. ही सुधारणा योग्यच होती. पण आयुष्यात प्रथमच परदेशी निघालेल्या, अँटॉप हिलच्या चिंचोळ्या गल्लीत शिवणकाम करून पैसा पैसा जमविलेल्या वृद्ध यात्रेकरूवर त्या दिवसापासून एक नवीन निर्णय येऊन पडला, हे विसरता येणार नाही.

सर्वसामान्य प्रवाशाच्या बाबतीत हा बदल आधीच घडून गेला होता. १९९१ साली गंगाजळी आटली आणि सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण म्हणून पाठविण्याची नामुष्की आली. त्या धक्क्यातून धोरण पालटले. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, १ जून २००० पासून जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि आज नागरिकाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची किंवा पाठविण्याची मुभा आहे. आठ डॉलरपासून अडीच लाख डॉलरपर्यंतचा हा प्रवास झाला खरा. परंतु भाव विचारण्याची सवय मात्र त्या मानाने परत आली नाही.

फलकावरचे दोन आकडे

चलन बदलून देणाऱ्या खिडकीवर ‘कमिशन नाही’ अशी पाटी पुष्कळदा असते. ती पाटी खोटी नसते, आणि नेमके त्यामुळेच ती फसवी असते. खिडकीचा नफा कमिशनात नसून खरेदी आणि विक्री या दोन दरांमधील अंतरात असतो. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलरचा बाजारभाव नव्वद रुपये आहे असे धरू. फोर्टमधील एखादा परवानाधारक व्यापारी डॉलरची नोट समजा एक्क्याण्णव रुपयांना देईल. विमानतळावरील खिडकी तीच नोट पंचाण्णवला देऊ शकेल. हजार डॉलर घेणाऱ्याला पहिल्या ठिकाणी एक हजार रुपयांचा बट्टा बसतो आणि दुसऱ्या ठिकाणी पाच हजारांचा. परतताना उरलेले दोनशे डॉलर त्याच विमानतळावर पंच्याऐंशीच्या भावाने दिले, तर आणखी हजार रुपये गेले. कमिशन मात्र दोन्ही वेळा शून्यच! यावर वस्तू व सेवा कर निराळा असतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, निदान २५० रुपये, हे सेवेचे मूल्य मानून त्यावर अठरा टक्के आकारले जातात. म्हणजे नव्वद हजारांवर १६२ रुपये. करापायी कुरकुरणारा प्रवासी चार हजारांच्या बट्ट्याबद्दल अवाक्षर काढीत नाही, कारण कर पावतीवर छापलेला असतो आणि बट्टा दरात मुरलेला असतो.

विमानतळावर भाव वाईट का असतो, याचे कारण गूढ नाही. जागेचे भाडे जबर असते, ग्राहक बांधलेला असतो, आणि तासाभरात विमानात बसणाऱ्याला दुसरे दुकान नसते. नव्या देशात उतरल्याबरोबर दिसणाऱ्या पहिल्या खिडकीचेही हेच. रात्रभर जागलेला, भाषा न कळणारा, सामानाच्या काळजीत असलेला मनुष्य दराचे फलक तुलनेने वाचीत बसत नाही, हे खिडकीमागच्याला पुरते ठाऊक असते. म्हणून तेथे बदलायचेच झाले तर शहरात पोहोचण्यापुरते, चहा-गाडीभाड्यापुरते बदलावे. अपवाद आहेत. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तळमजल्याखाली रेल्वे स्थानकाजवळ असलेल्या काही खिडक्या वरच्या मजल्यांवरील बँकांपेक्षा बराच चांगला भाव देतात, हा प्रवाशांचा नित्याचा अनुभव आहे. एकाच इमारतीत दोन भाव! जिना उतरण्याचे कष्ट घेईल त्याला त्याचा लाभ होतो.

मग बदलावे कोठे? याचे एकच उत्तर नाही, आणि जो एकच उत्तर देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. ज्या चलनांची मुंबईत रोज मोठी उलाढाल होते, म्हणजे डॉलर, पौंड, युरो, दिरहम, रियाल, ती निघण्यापूर्वी येथेच घ्यावीत. अँटॉप हिलच्या रहिवाशाला तर याची सोय हाताशी आहे. वडाळा रोडवरून किंवा गुरू तेग बहादूर नगरवरून हार्बरची गाडी धरली की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि तेथून चालत फोर्टमध्ये तीन-चार परवानाधारकांचे भाव एका दुपारी विचारून होतात. दादर-माटुंग्यालाही अशी दुकाने आहेत. आपल्या बँकेचा भावही विचारावा. तो नेहमीच चांगला असतो असे नाही. याउलट थायलंडचा बात, इंडोनेशियाचा रुपिया, व्हिएतनामचा डोंग यांना मुंबईत गिऱ्हाईक थोडे, त्यामुळे त्यांच्यावरील बट्टा मोठा. अशा देशांत डॉलरच्या कोऱ्या, न मळलेल्या नोटा नेऊन तेथील शहरातील चांगल्या दुकानात बदलणे पुष्कळदा किफायतशीर ठरते. दोनदा बदलल्याने दोनदा बट्टा बसतो हे खरे. पण दोन लहान बट्टे मिळून एका मोठ्या बट्ट्याहून कमी भरू शकतात. बालीतील कुटा भागात मात्र फलकावर अतिशय चढा भाव लावून मोजताना हातचलाखी करणाऱ्या टपऱ्या कुप्रसिद्ध आहेत. जेथे भाव अवास्तव चांगला असतो तेथे नोटा स्वतः, शेवटी एकदा, मोजून घ्याव्या.

आखाताचे गणित आणखी निराळे आहे. संयुक्त अरब अमिरातींचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या प्रमाणाशी बांधलेला आहे आणि सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ या प्रमाणाशी. तेव्हा घरी शिल्लक राहिलेले डॉलर तिकडे नेले, तर तेथे किती मिळावे हे आधीच कागदावर मांडता येते, आणि कोणी कमी देऊ लागला तर ते तत्काळ ध्यानात येते. नेपाळमध्ये १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हे प्रमाण कायम आहे. हाली सिक्क्याच्या प्रमाणासारखी ही प्रमाणे पाठ करता येतात, हा त्यांचा मोठाच गुण आहे.

नातेवाइकाने मागील खेपेच्या उरलेल्या म्हणून प्रेमाने दिलेल्या नोटा मात्र तपासून घ्याव्यात. इंग्लंडात २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालेनाशा झाल्या आहेत. त्या बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून मिळतात, पण लंडनला उतरल्यावर पहिल्या दिवशी तेथे जाण्याचे कोणाला सुचणार?

यंत्राचा सभ्य प्रश्न

रोखीचा काळ संपला, आता कार्ड आहे, असे म्हणून हा सगळा विषय झटकून टाकणारे तरुण पुष्कळ भेटतात. कार्डाने सोय झाली हे निर्विवाद. तथापि बट्टा गेला नाही, त्याने वेश बदलला. भारतीय बँकेचे कार्ड परदेशी वापरले की बहुधा दोन ते साडेतीन टक्के अधिभार पडतो. यंत्रातून रोख काढली तर दर खेपेस ठरावीक शुल्क निराळे. म्हणून दहादा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढणे शहाणपणाचे. क्रेडिट कार्डावर रोख काढू नये, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. परकीय चलन आधीच भरून घेतलेले कार्ड मिळते. त्यात भाव भरतेवेळीच ठरून जातो, ही निवृत्त माणसाच्या दृष्टीने मोठी स्वस्थता आहे. मात्र युरो भरलेले कार्ड स्वित्झर्लंडच्या फ्रँकसाठी वापरले तर पुन्हा बट्टा.

आणि एक सापळा असा आहे की त्यात सुशिक्षितच अधिक अडकतात. परदेशी दुकानातील किंवा बँकेतील यंत्र मोठ्या अदबीने विचारते : ‘आपणांस रक्कम रुपयांत द्यावयाची की स्थानिक चलनात?’ परक्या देशात रुपया हा शब्द दिसताच माणसाला घरची ओळख पटल्यासारखे होते आणि बोट आपोआप त्यावर जाते. रुपये निवडले की विनिमयाचा दर ते यंत्र चालविणारा ठरवितो, आणि तो बाजारभावापेक्षा कित्येक टक्के महाग असतो. येथे दर वेळी, न चुकता, स्थानिक चलनच निवडावे. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड केवळ देशांतर्गत वापरापुरतेच चालू करून मिळते. परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावयाचा असतो, आणि तो निघण्यापूर्वी सुरू केलेला बरा. परक्या विमानतळावर कार्ड नाकारले गेले की माणूस सरळ त्या महाग खिडकीकडेच वळतो. भूतान, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, अमिराती अशा देशांत काही ठिकाणी आपल्या यूपीआयने व्यवहार होऊ लागले आहेत, परंतु त्यावर संपूर्ण भिस्त ठेवण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

रोख किती न्यावी यालाही मर्यादा आहे. बहुतेक देशांसाठी एका खेपेस नोटांच्या रूपाने तीन हजार डॉलर; बाकीचे कार्डावर. भारतीय रुपये बरोबर नेता येतात ते पंचवीस हजारांपर्यंत, आणि परत आल्यावर घरी पोहोचण्यासाठी त्यांतील थोडे राखून ठेवलेले बरे. वसाहतीत ‘अमुक माणूस घरी आणून देतो, भावही चांगला देतो’ असे कुजबुजणारे हितचिंतक असतातच. पावती न देणाऱ्या अशा माणसाशी व्यवहार करणे हा गुन्हा आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. पेन्शनरने हा धोका कशासाठी पत्करावा?

असे असले तरी सगळा भार प्रवाशावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. परवानाधारकाने आपले दर ठळकपणे लावावेत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण नुसता दर वाचून सामान्य माणसाला काही बोध होत नाही; पंचाण्णव हा आकडा महाग की स्वस्त, हे त्याला कशाशी तरी ताडून पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. प्रत्येक कामकाजाच्या दिवशी डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर होतात. २०१८ पासून हे काम एका स्वतंत्र संस्थेकडे दिलेले आहे. हा संदर्भ दर खिडकीवरच्या दराशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिण्याची सक्ती विमानतळासकट सर्वत्र करावी, आणि पावतीवर कराखाली आणखी एक ओळ छापावी : संदर्भ दराशी तुलना करता ग्राहकाला किती रुपये अधिक पडले. औषधाच्या वेष्टनावर कमाल किंमत छापण्याचा आग्रह धरणाऱ्या देशात ही अपेक्षा अवाजवी नाही. खिडकीवाल्याने महाग विकू नये असे कोणी म्हणत नाही. रात्री दोन वाजता सेवा देणाऱ्याने अधिक घ्यावे हेही मान्य करता येईल. किती अधिक, एवढेच घेणाऱ्याला कळले पाहिजे. शाळांतही हा विषय येण्यास हरकत नाही. नफा-तोट्याची उदाहरणे आपण आंब्याच्या पेट्यांवर किती वर्षे घालणार?

प्रवासाहून परतल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांच्या आत परत कराव्या लागतात. दोन हजार डॉलरपर्यंतची रक्कम मात्र पुढील खेपेसाठी जवळ ठेवता येते. मूळ खरेदीची पावती जपून ठेवलेली असेल तर विकणे सोपे जाते, आणि पहिल्यांदा जेथून घेतल्या त्याच दुकानात थोडी घासाघीस करता येते. ती दुपारी, सावकाश, फोर्टमध्ये जाऊन करावी, सहारला सामानाची वाट पाहत असताना नव्हे. नाणी किती ठेवावीत याला मर्यादा नाही. ती बहुतेक कोणतीच खिडकी घेत नाही, म्हणून परतीच्या विमानात बसण्यापूर्वीच चहा-कॉफीत संपवून टाकावीत.